१२ टक्के म्हणजे नक्की किती?
एका लेखात म्हटलंय की नवी मुंबईतल्या दिघा, तुर्भे आणि ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या वस्त्यांत स्वयंसेवी संस्थांनी रहिवाशांना अनुदान देणं बंद करून १२ टक्क्यांनी कर्ज द्यावं. पण १२ टक्के फ्लॅट (सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर) की घटत्या शिल्लकीवर (फक्त उरलेल्या मुद्दलावर)? ३०,००० रुपये, २४ मासिक हप्ते, फ्लॅट धरलं तर व्याज ७,२०० आणि हप्ता १,५५०. मुद्दल महिन्याला कमी होत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ३०,००० वरच. खरा दर पडतो वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. कर्जाच्या कार्डावर तोच छापा.

अनुदान सरसकट बंद करणंही पटत नाही. शिलाई मशीन रोजचे पैसे आणतं, तिथे कर्ज ठीक. गटारावरच्या लाद्या किंवा सामायिक शौचालयाची दुरुस्ती, यातून हप्ता कुठून निघणार?

बचत गटाला कर्ज देण्याआधी सहा महिन्यांची हजेरी आणि अंतर्गत कर्जांची (गटाने आपल्याच सदस्यांना दिलेल्या कर्जांची) वही बघा, नुसत्या बँकेतल्या शिल्लकीवरून काही कळत नाही (ती आदल्या आठवड्यातही भरता येते!). गडबड होते पावसाळ्यात. नाक्यावर उभं राहून मिळणारी रोजची मजुरी थांबते, हप्ता चुकतो, तो भरायला दुसरं कर्ज. नाका कामगारांना जुलै-ऑगस्टमध्ये फक्त व्याज घ्या, मुदत दोन महिने वाढवा.