एकीचे बळ आणि मॅडमचे अक्षर

पदोन्नतीच्या अर्जाला प्रमाणपत्र जोडायचे होते म्हणून मी नुकतीच 'सहयोगी अध्ययन' या विषयावरील प्राध्यापकांच्या कार्यशाळेला जाऊन आले, आणि तिथला राग अजून पुरता उतरलेला नाही. गटात बसताक्षणी शेजारच्या ज्येष्ठ विभागप्रमुखांनी माझ्यापुढे स्केचपेन सरकवले. "मॅडम, तुम्ही लिहा. तुमचे अक्षर चांगले असणार." माझे अक्षर त्यांनी जन्मात पाहिलेले नव्हते.

मूळ पद्धतीशी माझे भांडण नाही. ओक्लाहोमा विद्यापीठातील लॅरी मायकेलसन यांचा वर्ग १९७०च्या दशकाच्या अखेरीस ४० वरून १२० विद्यार्थ्यांवर गेला, तेव्हा त्यांनी व्याख्यानांवर भर न देता सत्रभरासाठी कायमचे गट केले. विद्यार्थ्यांनी वाचून यायचे, आधी एकट्याने चाचणी द्यायची आणि मग तीच चाचणी गटाने वाद घालून सोडवायची. गटासाठी खरवडण्याचे कार्ड असते. बरोबर पर्यायाखाली तारा दडलेला असतो आणि तो सापडेपर्यंत प्रत्येक चुकीमागे गुण घटत जातात.

आमच्या कार्डावरचा एक प्रश्न रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याच्या प्रयोगाविषयी होता: दोर ओढणारी माणसे वाढवत नेली, तर प्रत्येकाचा जोर वाढतो, तेवढाच राहतो की घटतो?

"वाढतो," सर म्हणाले. "एकीचे बळ. तिसरीच्या पोराला विचारा."

"सर, रिंगेलमान यांना तो घटलेला आढळला. वाचायला दिलेल्या टिपणात आहे."

"त्यांनी फ्रान्समध्ये ओढला असेल, मॅडम. आपल्याकडे संस्कार वेगळे आहेत."

गटातील उरलेले सदस्य मोबाइलमध्ये डोके घालून दोर सैल सोडून बसले होते. सरांनी खिशातून रुपयाचे नाणे काढले आणि 'वाढतो' खरवडले. खाली कोरा कागद. त्यांनी भुसा फुंकून उडवला, कार्ड उजेडात धरून तिरके करून पाहिले आणि छपाईत चूक असल्याचे जाहीर केले. मग मध्यममार्ग म्हणून 'तेवढाच राहतो' खरवडले. तेही कोरेच निघाल्यावर कार्ड माझ्याकडे आले. "आता तुम्ही खरवडा. सर्वांचा सहभाग हवा." तारा निघाला, तेव्हा गुण संपत आले होते.

या पद्धतीत उत्तर अमान्य असल्यास गटाला लेखी दाद मागता येते. सरांनी ती मागितली. ते सांगत गेले आणि 'घटतो' हे उत्तर कसे चुकीचे आहे, ते मी माझ्या अक्षरात लिहीत गेले.

मायकेलसन यांच्या पद्धतीत सहकाऱ्यांनी परस्परांचे मूल्यमापन करण्याला मोठे स्थान आहे, कारण आयतोबांना आळा बसतो तो तिथेच. आयोजकांनी नेमका तोच भाग 'त्यातून वाद होतात' म्हणून गाळला होता. आमच्या महाविद्यालयांतही दुसरे काय चालते? प्रकल्प पाच जणांचा, रात्र जागून टंकणारी मुलगी एकच, तोंडी परीक्षेत पुढे सरसावणारा भलताच आणि अंतर्गत गुण मात्र सर्वांना सारखे. तिने तक्रार केली, तर 'जुळवून घ्यायला शीक' हा उपदेश करायला आम्ही आहोतच. जमिनीला ठोकलेल्या बाकांवर या मुलांना गोल करून कसे बसवायचे, हे मात्र त्या कार्यशाळेत कोणीही सांगितले नाही.

निदान अभिप्रायाच्या अर्जात हे सारे लिहावे म्हणून मी शेवटपर्यंत थांबले. अर्ज गटाला एकच होता आणि 'सदस्यांचे परस्पर सहकार्य' या रकान्यात 'उत्कृष्ट'वर खूण करून सरांनी तो केव्हाच देऊन टाकला होता.