डोये उघडे ठेव

माझा पहिला ठोसा ज्याच्या तोंडावर बसला, त्याला मी लगेच ‘सॉरी’ म्हणालो. सॉरी म्हणताना माणूस हात खाली घेतो, ही सवय मला शाळेत लागलेली. तेवढ्या वेळात त्यानं उजव्या हातानं माझ्या नाकाची विचारपूस केली. तो मात्र काही म्हणाला नाही.

आमचे बॉक्सिंगचे सर रिंगणाच्या दोरांवर कोपर टेकून बघत होते. म्हणाले, “सॉरी म्हणायचं तर म्हण रे भाऊ, पण हात वर ठेवून म्हण.”

आमचं गाव जळगाव जिल्ह्यातलं, सावद्याकडचं. चहूकडे केळी. घराण्यात कुस्ती, आजोबांनी यात्रांमधून जिंकलेले दोन फेटे अजून ट्रंकेत आहेत. त्या पुण्याईवर बाबांनी मला लहानपणी गावच्या तालमीत नेलं होतं. वस्तादांनी मला पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि बाबांना विचारलं, “ह्याले धरू कुठी?” प्रश्न रास्त होता. मी उंच, हात गुडघ्यापर्यंत, आणि मध्ये धरण्यासारखं फारसं काही नाही. पुढे अकरावीला भुसावळच्या कॉलेजात गेलो तेव्हा एका मित्रानं सांगितलं की बॉक्सिंगमध्ये लांब हाताला मान असतो, शिवाय कुणी धरत नाही. धरलं तर रेफरी सोडवतो. खेळात रेफरी आपल्या बाजूनं असल्याचं हे पहिलंच उदाहरण मला भेटलं.

सर रेल्वेतून निवृत्त झालेले. शिट्टी त्यांनी नोकरीतून आणली की बॉक्सिंगमधून, ते कळायला मार्ग नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, म्हणून सराव पहाटे साडेपाचला. म्हणजे मला आदल्या रात्रीच मामाकडे भुसावळला मुक्कामाला यावं लागायचं. आणि पहिला महिनाभर सरांनी काय शिकवलं? चालायला. डावा पाय पुढे, उजवी टाच जरा उचललेली, दोन पायांत खांद्याएवढं अंतर. पुढे जायचं तर आधी पुढचा पाय, मागे यायचं तर आधी मागचा. पायावर पाय टाकायचा नाही. जमिनीवर खडूनं आखलेल्या चौकोनात मी महिनाभर खेकड्यासारखा सरकत होतो. बाबा गावात सांगायचे, “पोरगा भुसावळला चालायला शिकायला जातो.” मलाही ते पटायला लागलं होतं. त्यामुळे सर जरा पलीकडे वळले की मी पाय सोडून हात चालवायचो. पाय काय, ते असतातच.

त्यानंतर हाताच्या पट्ट्या. एकेक पट्टी एकशेऐंशी इंचांची, साधारण साडेचार मीटर. अंगठ्यात फास, मनगटाला तीन वेढे, मुठीच्या हाडांना तीन, मग बोटांच्या बेचक्यांतून आत-बाहेर, पुन्हा मनगट. डाव्या हाताची पट्टी उजव्यानं जमते, पण उजव्याची डाव्यानं बांधताना मी मदतीला दात घ्यायचो. सुट्टीत घरी हे चाललेलं आजीनं पाहिलं. “कोन्ती शेकोटी केली होती तू?” म्हणाली. भाजलं नाही, बॉक्सिंग आहे, हे सांगितल्यावर तिनं हात ओढून घेतला आणि बाळंतिणीचं पोट बांधावं तशी पट्टी आवळली. बोटं निळी झाली. पट्टी सैल मात्र झाली नाही. धुतलेल्या पट्ट्या दोरीवर वाळत घातल्या होत्या, त्यातली एक शेळीनं खाल्ली. साडेचार मीटरपैकी तीन आत गेल्यावर आम्ही दोन्हीकडून ओढून वाचवली. उरलेली मी अजून वापरतो.

गावात ठोसे मारायची बॅग नव्हती. केळीचं खोड होतं. घड कापून झाला की ते खोड तसंही तोडायचंच असतं, म्हणून बाबांनी परवानगी दिली. घड असलेल्या झाडाकडे नुसतं रागानं बघितलं तरी हात मोडीन, एवढी एकच अट. केळीचं खोड म्हणजे लाकूड नव्हे, पानांच्या देठांचे एकावर एक पदर, आणि आत नुसतं पाणी. पहिला क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, मी मनापासून मारला. मूठ मनगटापर्यंत आत गेली, फचकन आवाज झाला आणि चीक उडाला तो तोंडावर, बनियनवर, नव्या ट्रॅकपँटवर. चीक आधी पाण्यासारखा दिसतो. दुपारपर्यंत त्याचे काळपट-तपकिरी डाग पडतात आणि ते कापड फाटेपर्यंत सोबत राहतात. आईनं साबण, लिंबू, रॉकेल सगळं करून पाहिलं. शेवटी ती ट्रॅकपँट तिनं मला नव्हे, बाबांना दाखवली आणि परवानगी रद्द झाली.

पण तोवर पंधरा दिवस गेले होते आणि माझा क्रॉस खरंच सुधारला होता. ठोसा हातातून येत नाही. मागची टाच वळते, मग कंबर, मग खांदा, आणि मूठ सगळ्यात शेवटी, वरातीत नवरदेव पोचावा तशी. हे सर शंभरदा सांगून थकले होते, ते खोडानं शिकवलं. टाच वळली नाही की मूठ आत जातच नाही. मी मोठ्या ऐटीत सरांच्या हातातल्या पॅडवर मारून दाखवलं. सरांनी मान डोलावली आणि पॅड उलटं फिरवून माझ्या उजव्या गालावर एक चापट दिली.

“हा हात कुठं होता?”

हात कमरेशी होता. केळ उलटून मारत नाही ना.

दुसरा घरगुती उपाय म्हणजे वाळणाची दोरी. खांद्याच्या उंचीवर दोरी बांधायची आणि गुडघे वाकवून तिच्या खालून इकडून तिकडे, तिकडून इकडे जात पुढे सरकायचं. हूक, म्हणजे बाजूनं वळून येणारा ठोसा, चुकवायची तालीम. आमच्या अंगणात दोरी आयतीच होती. फक्त तिच्यावर कपडे असायचे. तुम्ही कधी आईच्या ओल्या नऊ वारीचा ठोसा खाल्लाय? कुठल्याही वजनगटात बसणार नाही असा असतो. बरं, कंबरेतून वाकलं की नजर जमिनीकडे जाते आणि नेमकं तेव्हाच पदर तोंडात येतो. गुडघ्यातून वाकलं तर चुकतो. आईला वाटायचं मी कपडे वाळवायला मदत करतोय. तो गैरसमज मी काढला नाही.

इथपर्यंत सगळं कसरतीचं झालं. खरी अडचण वेगळीच होती. समोरून हात आला की माझे डोळे मिटायचे. पॅडवर मी राजा, बॅगवर महाराजा, आणि स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, उभा राहिलो की देवळात हात जोडल्यासारखा डोळे मिटून उभा. ठोसा लागायचा तो अंधारात. कुठून आला, कुणाचा आला, काही पत्ता नाही. त्यावर प्रत्येकाचा सल्ला एकच: “कॉन्फिडन्स ठेव!” जसा काही मी तो घरी खुंटीला विसरून आलोय. मामा म्हणाला कॉन्फिडन्स ठेव. कॉलेजच्या शिपायानं सांगितलं कॉन्फिडन्स ठेव. ज्याच्याकडून मी रोज मार खायचो, त्यानंसुद्धा मार देऊन झाल्यावर खांद्यावर हात ठेवून तेच सांगितलं. कुठे ठेवायचा, ते मात्र कुणी सांगत नव्हतं.

सरांनी हा शब्द कधीच वापरला नाही. त्यांनी एवढंच सांगितलं, “ग्लोव्हकडे बघू नको, छातीकडे बघ. ठोसा आधी खांद्यात दिसतो. दातांवरचं माउथगार्ड चाव, श्वास सोड. आणि घरी कुणाला तरी तोंडावर हळूहळू काहीतरी फेकायला सांग.”

घरी या कामाला इच्छुकांची रांग लागली. धाकट्या बहिणीची निवड झाली. जुन्या धोतराच्या चिंध्यांचा चेंडू, चार हातांवरून फेकायचा, मी गार्ड घेऊन उभा, कपाळावर लागला तरी डोळे मिटायचे नाहीत. शंभर फेकींना दहा रुपये असा दर ठरला. आजी ओट्यावर शेंगा फोडत बसायची आणि पंच म्हणून काम बघायची.

“मिटले!”

“नाही मिटले गं.”

“मले नको शिकवू. डोये उघडे ठेव!”

पहिल्या दिवशी शंभरपैकी शंभर वेळा मिटले. आठवड्यानं ऐंशी. एकदा मी कुरकुरलो की हे उपजतच असतं, आपोआप होतं. तेव्हा मी फार मोठी चूक अगोदरच करून बसलो होतो: २००८ साली बीजिंगला विजेंदर सिंगनं बॉक्सिंगमधलं भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक आणलं आणि २०१२ ला लंडनमध्ये मेरी कोमनं कांस्य मिळवलं, तेव्हा ती जुळ्या मुलांची आई होती, हे मी आजीला कधीतरी सांगितलं होतं. विजेंदर आजी विसरली. दुसरी गोष्ट विसरली नाही.

“दोन लेकरं झाल्यावर ती बाई लढली,” शेंग फोडत आजी म्हणाली, “अन् तुले डोये उघडे ठेवता येत नही?”

यावर मेरी कोमलाही उत्तर सुचलं नसतं. महिन्याभरात शंभरात वीसवर आलो. बहिणीचे माझ्याकडे दोनशे तीस रुपये निघत होते. आणि एका पहाटे स्पारिंगमध्ये समोरच्याचा डावा खांदा हलताना मला स्पष्ट दिसला, मागून ग्लोव्ह आला, त्यावरची शिवण दिसली, आणि मग तो माझ्या कपाळावर आपटला. मार तेवढाच होता. पण भीतीचा भाग अर्ध्याहून कमी. ओळखीच्या माणसानं मारल्यासारखं वाटलं.

लगेच सरांनी एका छोट्या स्पर्धेत नाव घातलं. साठ किलो गट. हिवाळ्याचे दिवस, म्हणजे आमच्याकडे भरताचे दिवस. वजनाच्या आदल्या रात्री काकांच्या मळ्यात भरीत पार्टी. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली ती हिरवी-पांढरी वांगी, ठेचलेली मिरची, वर तेलाचा तवंग आणि कळण्याची भाकरी. मी फक्त बघायला गेलो होतो. सकाळी काट्यावर साठ किलो चारशे ग्रॅम. ते चारशे ग्रॅम मी स्वेटर, कानटोपी आणि काकांचं जर्किन घालून मैदानाला चकरा मारून उतरवले. प्रत्येक चकरेला भरताची ढेकर येत होती.

लढत तीन फेऱ्यांची, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. मी निळ्या कोपऱ्यात. लाल कोपऱ्यात धुळ्याचा एक पोरगा, माझ्याहून बुटका, मान नावाचा अवयव नसलेला. पहिल्या फेरीत माझा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, त्याच्या कपाळावर सणसणीत बसला. तोंडातून ‘सॉरी’ निघालंच, पण माउथगार्डमुळे ते ‘फॉफी’ झालं आणि हात वर होते. सरांनी कोपऱ्यातून अंगठा दाखवला. उरलेल्या वेळात त्यानं मला दोरांना टेकवून पद्धतशीरपणे मारलं. पाचही पंचांनी एकमतानं त्याला विजयी ठरवलं. निकालाला रेफरीनं आम्हा दोघांचे हात धरले तेव्हा क्षणभर वाटलं, दोन्ही वर करील. नाही केले.

पण डोळे! शपथेवर सांगतो, तिन्ही फेऱ्यांत एकदाही मिटले नाहीत.

रात्री घरी पोचलो. डावा डोळा तोवर सुजून आपोआपच मिटला होता. आजीनं हळदीचा लेप कालवून आणला आणि लावता लावता पहिला प्रश्न हाच विचारला.

“डोये उघडे होते का?”

“पूर्ण वेळ, आजी.”

“हात येतांना दिसले?”

“सगळे दिसले. एकूण एक.”

आजी थांबली. बोटावरचा लेप वाटीच्या कडेला पुसला.

“मंग सरकला काबरं नही? पाय कुठी गेले होते तुहे?”

आतल्या खोलीतून बाबा खोकले. सोमवारी पहाटे साडेपाचला सरांनी काही न बोलता खडू माझ्या हातात दिला. चौकोन मीच आखला.