७५ टक्के, २७ टक्के आणि हायब्रिड बसवरचा तो मेसेज

‘हायब्रिड बसचा महाघोटाळा’ हा मेसेज परवा मावशीने घरच्या ग्रुपवर टाकला. तिचा मुलगा अमेरिकेत सिएटलजवळ राहतो, कामावर जायला तिथलीच हायब्रिड बस पकडतो, म्हणजे डिझेल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि विजेची मोटर असलेली. मेसेजमध्ये सिएटलचं नाव वाचून ती बिचारी घाबरली. आरोप असे: चाचणीआधी बॅटरी गुपचूप भरतात म्हणून धूर कमी दिसतो; प्रयोगशाळेत मायलेज साध्या डिझेल बसपेक्षा ७५ टक्के जास्त दाखवलं, रस्त्यावर भरलं फक्त २७; तपासणी बसची होत नाही, नुसत्या इंजिनाची होते; धूर फिल्टर अडवतो आणि श्रेय हायब्रिडला. वर शेवटी हे ज्ञान: जुन्या डिझेलचा काळा धूर जड असतो, खाली बसतो, फुप्फुसात जात नाही, तेव्हा असल्या बस आपल्या शहरात येऊ देऊ नका.

या शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच डिझेलचा धूर पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत टाकला. त्यातले कण इतके बारीक असतात की ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. दम्याचे पेशंट असलेल्या घरांत ‘काळा धूर चालतो’ असं लिहून पाठवणं हा गुन्हा आहे.

आता ते ७५ आणि २७. दोन्ही आकडे खरे आहेत आणि एकाच अहवालातले आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने सिएटलची बससेवा चालवणाऱ्या किंग काउंटी मेट्रोच्या जोडबसचा (दोन डबे जोडलेल्या लांब बसचा) तो अहवाल डिसेंबर २००६ मध्ये काढला. मेसेज लिहिणाऱ्याने त्यातला एकच तक्ता नीट वाचला असता तरी पुरलं असतं. ७५ टक्के आले मॅनहॅटन सायकलवर (सायकल म्हणजे चाचणीत बस कशी पळवायची, किती वेळा थांबवायची याचा ठरलेला नमुना): जेमतेम सव्वातीन किलोमीटरमध्ये वीस थांबे, सरासरी वेग ताशी ११ किलोमीटर. इतक्या वेळा ब्रेक लागला की हायब्रिडला वाया जाणारी ऊर्जा परत मिळवायची संधीही तितक्याच वेळा मिळते. सिएटलच्या बस अशा धावत नाहीत. त्यांचे मार्ग लांब आणि वेग जास्त, म्हणून त्या मार्गांवरून बेतलेली वेगळी सायकलही त्याच प्रयोगशाळेत चालवली. तिचा निकाल सुमारे ३० टक्के, आणि प्रत्यक्ष रस्त्यावर २७. प्रयोगशाळा आणि रस्ता यांचा मेळ याहून चांगला कसा बसायचा? हा ३० चा आकडा मेसेजमधून गाळलाय. तो मुद्दाम गाळलाय असंच मी म्हणेन, कारण तो ७५ च्याच तक्त्यात आहे.

बॅटरीचा आरोप तर त्याहून पोकळ. या बसला चार्जिंगचा प्लगच नाही. बॅटरी भरते ती बसच्याच इंजिनावर आणि ब्रेक लागताना. तरीही सुरुवातीला भरलेली बॅटरी शेवटी रिकामी करून डिझेल वाचल्याचं दाखवता येईल, ही शंका अभियंत्यांना आधीच आली होती. म्हणून २००२ मध्ये एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेची जे-२७११ ही चाचणीची पद्धत ठरली. बसची मागची चाकं रोलरवर ठेवतात. समोरच्या पडद्यावर वेगाची रेघ सरकत असते आणि ड्रायव्हर पायाने ती गाठत राहतो. नळीतला धूर गाळणकागदातून ओढतात, कागद आधी आणि नंतर तोलतात. त्याच वेळी बॅटरीत किती वीज गेली आणि किती बाहेर आली, याचाही हिशेब चालू असतो. सुरुवात आणि शेवट यांतला फरक एकूण खर्च झालेल्या ऊर्जेच्या एक टक्क्याच्या आत असेल तर फेरी जशीच्या तशी धरतात. एक ते पाच टक्के असेल तर आकडा दुरुस्त करतात. पाचच्या वर गेला की ती फेरी रद्द. ‘गुपचूप’ करायला जागा कुठे आहे?

‘नुसतं इंजिन तपासतात’ हे सरकारी प्रमाणपत्रापुरतं खरं आहे. अवजड वाहनाचं इंजिन गाडीबाहेर, टेस्ट बेडवर वेगळं तपासतात. अमेरिकेत असंच आहे, आपल्याकडेही असंच. पण मेसेज ज्या आकड्यांवर बोलतोय ते अख्खी बस रोलरवर चढवून काढलेले आहेत.

राहिला फिल्टर. इथे थोडं मान्य करावं लागतं. न्यूयॉर्क आणि बोस्टनमधल्या सुरुवातीच्या चाचण्यांचा अहवाल २००० मध्ये आला. त्यात काही हायब्रिडना कण अडवणारा फिल्टर होता आणि ज्या डिझेल बसशी तुलना केली तिला नव्हता. त्यामुळे कणांमधली घट सगळी हायब्रिडच्या खात्यावर टाकता येत नाही. पण सिएटलमध्ये ती पळवाटही नाही. तिथे हायब्रिड आणि साधी डिझेल अशा दोन्ही बसना कॅटरपिलर कंपनीचं तेच सी-९ इंजिन आणि दोन्हींना फिल्टर होता. तरी हायब्रिडमधून निघणारे नायट्रोजन ऑक्साइड मॅनहॅटन सायकलवर ३९ टक्क्यांनी आणि सिएटलच्या सायकलवर १८ टक्क्यांनी कमी भरले. नायट्रोजन ऑक्साइड हा वायू आहे, आणि कण अडवणारा फिल्टर तो अडवत नाही.