पथ्य असं पाळा की गावाला कळलं पाहिजे

पथ्य तुम्ही कधीही सुरू करा. त्याची घोषणा मात्र दुसऱ्याच्या घरी, ताट वाढून झाल्यावरच करा. आधी फोन करून सांगितलंत तर ती बाई तुमच्यापुरती वेगळी भाजी करून ठेवेल आणि तुमच्या पोटाचा विषय तिथेच संपेल. त्यापेक्षा भरलं वांगं ताटात पडता पडता हात आडवा धरावा आणि हळू आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्याच हळू, विचारावं, "यात कांदा आहे का हो?" पुढचा अर्धा तास तुमचा.

पथ्य निवडताना मात्र चोखंदळ राहा. 'तेलकट कमी करा, सावकाश चावून खा, रात्री उशिरा जेवू नका' हे आपले डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आलेत, पण त्यात काही मजा नाही. ते कुणालाही कळतं, आणि जे कुणालाही कळतं ते पथ्य पाळून चारचौघांत काय सांगणार? मी लो फॉडमॅप घेतलं. फर्मेंटेबल ऑलिगोसॅकराइड्स, डायसॅकराइड्स, मोनोसॅकराइड्स अँड पॉलिऑल्स, अशी ती आद्याक्षरांची मोळी आहे. त्यातला 'ए' चक्क 'अँड'चा आहे. शब्द जुळवायला इतकी ओढाताण केलेली पाहूनच माझा त्यावर विश्वास बसला. मेलबर्नच्या पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड या जोडीने २००५ साली हा शब्द मांडला आणि पुढे तिथल्या मोनाश विद्यापीठाने त्याचं ॲपच काढलं. हिरवा दिवा म्हणजे खा, पिवळा म्हणजे बेताने, लाल म्हणजे त्या वाटेला जाऊ नका.

त्यामागचं शास्त्र एका दमात सांगता येतं, म्हणून ते शक्यतो सांगू नका. काही साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढून घेत मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू त्यांना आंबवतात आणि वायू धरतो. हे सगळ्यांच्याच पोटात चालतं. आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम हा आतडं हळवं होण्याचा विकार, असलेल्याचं आतडं त्या ताणाने लवकर कळवळतं, फरक तेवढाच. हे ऐकून समोरचा "अच्छा" म्हणून पोळी तोडायला लागतो. तेव्हा शास्त्र बाजूला ठेवा आणि यादी वाचायला घ्या.

यादीत खरा जीव आहे. कांदा लाल, लसूण लाल. गव्हाची पोळी लाल. राजमा, छोले, वाल लाल. दूध लाल. फ्लॉवर लाल. सफरचंद, कलिंगड, मध लाल. केळं घट्ट, हिरवट असेल तोवर चालतं, पिकून ठिपके पडले की नाही. काजू लाल आणि शेंगदाणा हिरवा. खवय्यांच्या जगात न्याय म्हणून काही उरला असेल तर तो एवढाच. आणि आंबा? आंबाही लाल. ऐन मे महिन्यात, पेटी उघडून गवतातला पहिला हापूस नाकाशी नेत असलेल्या सासऱ्यांना "माझ्या आतड्याला फ्रुक्टोज झेपत नाही" हे सांगण्यात जे समाधान आहे, ते आंब्यातही नाही. एखादी गोष्ट थोडी खाल्ली तर हिरवी आणि जास्त खाल्ली तर लाल, असंही त्या ॲपमध्ये जागोजागी लिहिलेलं असतं. तिकडे लक्ष देऊ नका. 'थोडं खातो' म्हणणाऱ्याला कुणी पथ्यकरी म्हणत नाही.

डॉक्टरकडे जायचंच असेल तर गहू सोडून दोन-तीन महिने झाल्यावर जा. सीलिॲक हा गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा आजार रक्तातल्या प्रतिपिंडांवरून, म्हणजे अँटीबॉडीजवरून, ओळखतात, आणि गहू बंद केला की ती प्रतिपिंडं ओसरत जातात. म्हणजे आधी गहू सोडून मग रक्त दिलंत की रिपोर्ट कसा स्वच्छ येतो! डॉक्टरही खूश, तुम्हीही खूश, आजार तर सगळ्यात खूश. शौचावाटे रक्त जाणं, काही न करता वजन उतरणं, हिमोग्लोबिन घसरणं, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, पन्नाशीनंतर अचानक बदललेल्या शौचाच्या सवयी... इथे माझा उपरोध संपतो. यातलं काही असेल तर ॲप बंद करा आणि आजच्या आज डॉक्टरकडे जा. पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल.

बाकीच्यांनी बोटातलं थेंबभर रक्त देऊन 'तुम्हाला न सोसणाऱ्या' पदार्थांची यादी मागवायला हरकत नाही. रक्तातली आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजून ही तपासणी विकणारे लोक यादी करतात. ती प्रतिपिंडं बहुधा एवढंच सांगतात की हा पदार्थ तुम्ही खाता. ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना या तपासणीच्या नादी लागू नका म्हणून सांगून थकल्या. पण महिन्याच्या किराण्याइतके पैसे मोजून, आपण रोज काय खातो हे परक्या माणसाकडून कळण्यात एक वेगळाच मान असतो.

आता स्वयंपाकघराकडे वळू. पथ्य तुमचं असलं तरी ते पाळायचं घरच्यांनी, हे पहिल्या दिवशीच ठरवून टाका. आमच्याकडे दोन आमट्या सुरू झाल्या. मोठ्या पातेल्यात सगळ्यांची, आणि मागच्या शेगडीवर, दुधासाठी ठेवलेल्या छोट्या भांड्यात माझी. दुधाचं भांडं रिकामंच होतं म्हणा. कांदा-लसूण नसलेल्या आमटीला चव यावी म्हणून हिंग सढळ हाताने घाला, असं सगळीकडे वाचलं होतं. हिंग हा आपला हुकमी एक्का. पोट फुगलं की आजी बेंबीभोवती हिंगाचा लेप द्यायची, त्यामुळे इथे तरी आपलं घराणं मोनाशच्या पुढे आहे असा माझा समज होता. तिसऱ्या आठवड्यात, पोट जसंच्या तसं फुगलेलं असताना, मी चष्मा लावून डबीच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली. खाण्याचा डिंक, गव्हाचं पीठ, आणि मग हिंग. बांधानी हिंग असाच करतात. अस्सल हिंग इतका उग्र असतो की कशात तरी मुरवावाच लागतो, आणि सहसा तो मैद्यात मुरवतात. चिमूटभर पिठाने आतड्याचं काही बिघडत नसावं, असं मी जिच्याकडे जातो त्या आहारतज्ज्ञ मुलीने मागाहून सांगितलं. पण त्या रात्री मला विश्वासघात झाल्यासारखं वाटलं. शिवाय २०२० साली हिमाचलमधल्या लाहौलच्या खोऱ्यात पहिलं रोप लावेपर्यंत आपल्याकडे हिंगाची शेती नव्हतीच. सगळा माल अफगाणिस्तान, इराणकडचा. तेव्हा 'आपला हिंग' हा अभिमानसुद्धा डिंक-मैदा मिसळलेलाच निघाला.

लसणाचं मात्र एक गुपित आहे, ते तुम्हाला सांगतो आणि लगेच विसरायलाही सांगतो. लसणातली पोटाला छळणारी साखर पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणून तेलात लसूण तांबूस तळून, पाकळ्या नीट काढून टाकून त्याच तेलाची फोडणी दिली तर वास लसणाचा येतो आणि त्रास होत नाही. पातीच्या कांद्याचा हिरवा भागही चालतो. या दोन गोष्टी घरात कळल्या की जेवण चवदार होतं. मग आपण नेमकं काय सोसतोय, असा प्रश्न लोकांना पडायला लागतो.

मावशीकडे याच्या उलट झालं. मटकीची उसळ होती, वर तर्री. मटकी हा स्वतःच एक गुन्हा, पण ते सांगायची वेळ आलीच नाही, कारण मावशी कांद्यावर अडली होती. "अरे, कांदा दिसतोय ना? मग बाजूला काढ आणि रस्सा खा." मी म्हटलं, "मावशी, कांद्यातलं जे बाधतं ते रस्स्यात उतरलेलं असतं. उलट रस्सा बाजूला ठेवून कांदा खाल्ला तर कमी त्रास होईल." मावशीने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या ताटातली वाटी उचलून माझ्या धाकट्या भावापुढे ठेवली आणि म्हणाली, "तू खा रे. याच्या डोक्यात उतरलंय."

लग्नाचा हंगाम हा पथ्यकऱ्याचा सुगीचा काळ. कार्यालयात बुफेपाशी उभं राहून वाढप्याला विचारा, "यात कांदा-लसूण?" तो मान वर न करता कोपऱ्याकडे बोट करतो: "जैन तिकडं." तिकडे जा. लाल दिवा लागलेल्या कांद्याचा आणि लसणाचा तिथे मागमूस नाही. पण हिरवा दिवा लागलेला बटाटाही नाही आणि गाजरही नाही, कारण ती दोन्ही जमिनीखालची. त्याऐवजी काय? तर काजूच्या वाटणातली फ्लॉवर-मटारची भाजी. काजू लाल, फ्लॉवर लाल, मटार लाल. शेजारी राजमा. त्याच्या शेजारी आटीव दुधातली बासुंदी. म्हणजे एका ओळीत उभं राहून एका धर्माचं पथ्य पाळता पाळता दुसऱ्याचं मोडता येतं. मी साधा भात, तूप आणि लिंबाची फोड घेऊन कोपऱ्यात बसलो. तुपाचं काही वाटत नाही, त्यात दुधातली साखर जवळपास उरलेलीच नसते. दहा मिनिटांत तीन जणांनी "तब्येत बरी आहे ना?" असं विचारलं. नवऱ्या मुलाला तोवर एकाने विचारलं होतं.

उपवासाच्या दिवशी मात्र पंचाईत होते. साबुदाणा, बटाटा, दाण्याचं कूट, जिरं, मिरची, तूप: अख्खी खिचडीच या पथ्यात बसते. ज्वारीची भाकरीही बसते. मेलबर्नहून मागवलेलं पथ्य पाळायला गेलो आणि एकादशीच्या फराळापाशी आणि आजोबांच्या न्याहारीपाशी येऊन थांबलो. हे कुणाला सांगू नका, आपला भाव पडतो.

भाव पडण्यावरून आजी आठवली. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, तिच्याकडे कांद्याची थालीपिठं, कांदेभात, कांदाभजी असं सगळं व्हायचं. दोन दिवसांनी एकादशी आली की चातुर्मास सुरू. कांदा बंद, लसूण बंद, वांगं बंद. त्यावर तिने कधी भाषण केलं नाही. कुणाच्या घरी ताट वाढल्यावर हात आडवा धरला नाही. तिला कुणी कांदा वाढलाच नसता, कारण वाढणारीचाही चातुर्मास असायचा. आणि चंपाषष्ठी आली की खंडोबाला वांग्याचं भरीत, रोडगा आणि कांद्याच्या पातीचा नैवेद्य दाखवून, चुलीवर भाजलेल्या वांग्याचा पहिला घास स्वतः घ्यायची. पथ्य संपलं. सोडायची तारीख ठरलेली, तशी धरायचीही. पथ्याचं भांडवल कसं करायचं हे त्या पिढीला कळलंच नाही.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. हे पथ्य तीन पायऱ्यांचं आहे, आणि हे कागदावर इतकं स्पष्ट लिहिलेलं असतं की ते वाचायचं टाळायला खरोखर कष्ट पडतात. पहिली पायरी, सगळं लाल बंद: दोन ते सहा आठवडे. दुसरी, एकेक गट परत आणून पाहायचा: तीन दिवस दूध, दर दिवशी थोडं वाढवत, मग दोन-तीन दिवस थांबायचं, मग गहू, मग कांदा, मग लसूण, मग कडधान्यं. तिसरी, जे सोसतं ते सगळं पुन्हा खायला लागायचं आणि जे सोसत नाही तेवढंच टाळायचं. कारण या साखरांवरच मोठ्या आतड्यातले आपल्या उपयोगाचे जिवाणू जगतात. त्यांना वर्षानुवर्षं उपाशी ठेवणं बरं नव्हे. म्हणजे हे पथ्य मोडण्यासाठीच केलेलं आहे! पण पहिली पायरी चढून लोक तिथेच घर बांधतात. आमच्या सोसायटीत एक गृहस्थ चार वर्षं पहिल्या पायरीवर आहेत. त्यांना "आता कसं वाटतं?" असं विचारलं की "अजून शंभर टक्के नाही" म्हणतात, आणि त्यांचा चेहरा उजळतो.

मीही तिथेच राहिलो असतो. पण त्या आहारतज्ज्ञ मुलीने सहाव्या आठवड्यात वहीच पुढे केली. "काका, आता दूध." पहिल्या दिवशी अर्धा कप, दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशीचा पेला संपायच्या आत पोटाचा नगारा झाला. पाच वेळा चहा आणि रात्री हळद घालून दूध हा माझा वर्षानुवर्षांचा नेम होता, हे तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. "मग कांदा?" मी विचारलं. "कांदा पुढच्या आठवड्यात बघू, काका."

दूध सोडण्यात प्रतिष्ठा नाही. काळा चहा पिणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. कांदा सोडलेला माणूस म्हणून मात्र आता मला लग्नात, बारशाला, बँकेत ओळखतात. तेव्हा पुढचा आठवडा येऊ न देण्याचं मी ठरवलं होतं. पण मधेच गेल्या पावसाळ्यात सिंहगडावर जाणं झालं. धुकं, भिजलेले बूट, चुलीचा धूर, आणि वर्तमानपत्राच्या कागदावर तेल सोडत पडलेली कांदाभजी. सोबत लसणाची चटणी. मडक्यातलं दही नको म्हटलं, तेवढं पथ्य पाळलं. बाकी दोन प्लेटा संपल्या.

रात्रभर पोटावर हात ठेवून पडलो होतो. एकदा गुरगुरलं, तो शेजारच्या खोलीतला फ्रीज निघाला. सकाळी सगळं वेळेवर आणि व्यवस्थित. अगदी वर्तमानपत्र वाचूनही झालं नव्हतं.

"कसं आहे हो पोट?" बायकोने ओट्यापाशी उभ्या उभ्या विचारलं.

"जरा जड वाटतंय," मी म्हणालो.

तिने मागची शेगडी पेटवली आणि माझं छोटं भांडं वर ठेवलं.