सायटिका, महिनाभर फळीवर झोप आणि ‘नाहीतर पाय जातो’

सायटिका म्हणजे कंबरेतली नस धरल्याने पायात उतरणारी कळ. तिच्यावरचा एक संदेश घरोघरच्या ग्रुपांवर सतत फिरत असतो. शब्द इकडेतिकडे होतात, मजकूर तोच: ‘कंबरेपासून पायात कळ येते म्हणजे गादी सरकली. आधी एमआरआय काढा. महिनाभर फळीवर झोपा, चालणे बंद. मणका बसवून घ्या, वजन लावा, पट्टा बांधा. नसेच्या गोळ्या चालू ठेवा. सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर ऑपरेशन, नाहीतर पाय जातो.’ हे वाचून धडधाकट माणसे अंथरूण धरतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘गादी सरकली.’ गादी म्हणजे दोन मणक्यांमधली चकती. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट जोडलेली असते. ती जागची हलत नाही. होते असे की तिचे बाहेरचे चिवट कडे चिरते आणि आतला मऊ गर मागे फुगतो किंवा बाहेर येतो. हे बहुतेक वेळा कंबरेच्या शेवटच्या दोन चकत्यांत होते. कोणती नस धरली आहे ते कळेच्या वाटेवरून बरेचसे कळते. पाचव्या कंबर-मणक्याची नस असेल तर कळ मांडीच्या आणि नडगीच्या बाहेरून पावलावर, अंगठ्याकडे जाते. त्याखालची पहिली त्रिक नस असेल तर मांडीमागून, पोटरीतून टाचेकडे आणि करंगळीकडे.

वेदना फक्त दाबाने होत नाही. बाहेर आलेल्या गराने नसेच्या मुळाशी दाह होतो, आणि त्याच दाहात शरीराच्या पेशी तो गर खायला लागतात. सुटून आलेला तुकडा आक्रसतो. २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे असे: पूर्ण तुटून सुटलेले तुकडे ९६ टक्के रुग्णांत लहान झाले, कड्याबाहेर आलेले ७० टक्के, नुसता उंचवटा ४१ टक्के आणि पसरट फुगवटा १३ टक्के. म्हणजे रिपोर्टमध्ये जो शब्द सर्वांत भयानक वाटतो, तोच तुकडा विरण्याची शक्यता सर्वांत जास्त. हे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगायला हवे, आणि नेमके तेच राहून जाते.

‘आधी एमआरआय काढा.’ कंबरेचे कोणतेही दुखणे नसलेल्या ३,११० माणसांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या तर विशीतल्या ३० टक्के, पन्नाशीतल्या ६० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत चकती फुगलेली दिसते. त्यामुळे रिपोर्टवर ‘फुगवटा’ लिहिला म्हणून दुखण्याचे कारण सापडले असे होत नाही. रिपोर्टमधली बाजू आणि पातळी तपासणीत सापडलेल्या नसेशी जुळली तरच त्याला अर्थ. एमआरआय काढावा तो पायातली ताकद कमी होत असेल, खाली सांगितलेली धोक्याची चिन्हे असतील किंवा कर्करोग, ताप, मोठा मार असा इतिहास असेल तेव्हा. किंवा सहा आठवडे नीट उपचार करूनही कळ तशीच असून इंजेक्शनचा वा शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल तेव्हा.

‘महिनाभर फळीवर झोपा.’ या सल्ल्याने सर्वांत जास्त नुकसान होते. १९९९ साली नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या १८३ रुग्णांपैकी निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणावर ठेवले, निम्म्यांना हिंडतेफिरते राहू दिले. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांतले ८७ टक्के रुग्ण सुधारले होते. झोपून काहीच जास्त मिळाले नव्हते. पाठीचे स्नायू मात्र पडून राहिल्याने ढिले पडतात, बद्धकोष्ठ होतो, आणि कुंथताना पाठीच्या कण्यातला दाब वाढून कळ पायात उतरते. कठीण फळीलाही आधार नाही. जुनाट कंबरदुखीवर २००३ मध्ये झालेल्या तुलनेत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी सरस ठरली.

पहिल्या एक-दोन दिवसांत कळ असह्य असेल तर पडावे. कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी, किंवा उताणे झोपून गुडघ्यांखाली दोन उशा. त्यानंतर सपाट जागेवर पाच ते दहा मिनिटे चालणे, दिवसातून चार-पाच वेळा. सलग बसणे वीस-तीस मिनिटांपर्यंतच. मांडी घालून, उकिडवे आणि खोल सोफ्यात बसणे काही आठवडे टाळावे. भरलेली बादली वाकून उचलू नये. खड्ड्यांच्या रस्त्यावरची दुचाकीही तेवढे दिवस बंद.

व्यायामात चूक कुठे होते ते नीट पाहण्यासारखे आहे. ‘नस आखडली’ असे ऐकून लोक पाय सरळ करून अंगठे पकडतात आणि तसेच ताणून धरतात. सुजलेल्या नसेला तो ताण सोसत नाही; संध्याकाळी कळ दुप्पट. नस ताणायची नसते, मागेपुढे सरकवायची असते. खुर्चीत ताठ बसून दुखऱ्या पायाचा गुडघा हळू सरळ करताना मान वर करावी, गुडघा दुमडताना हनुवटी छातीकडे आणावी. कळ सुरू होण्याच्या आधीच थांबावे, धरून ठेवू नये. दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा.

वाकल्याने कळ वाढत असेल तर पालथे झोपून बघावे. दोन-तीन मिनिटे तसेच, मग कोपरांवर छाती उचलून, मग तळहात टेकवून वरचे अंग उचलायचे आणि कंबर जमिनीलाच टेकलेली ठेवायची. दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी. पुढे जायचे की थांबायचे हे कळेच्या जागेवरून ठरवायचे. ती पावलातून पोटरीत, पोटरीतून नितंबात अशी वर सरकत असेल तर कंबर थोडी जास्त दुखली तरी चालू ठेवावे. खाली पायात उतरत असेल तर त्याच क्षणी थांबावे. साठी ओलांडलेल्या ज्यांना चालताना पाय भरून येतात आणि पुढे वाकल्यावर किंवा बसल्यावर आराम पडतो, त्यांची नसेची वाट अरुंद झालेली असू शकते. त्यांना मागे वाकण्याचा हा व्यायाम त्रास देतो. त्यांनी उताणे झोपून गुडघे एकेक करून छातीशी आणावेत.

‘मणका बसवून घ्या.’ जे जागचे सरकलेच नाही ते बसवणार काय? उसण भरल्यावर पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) माणसाची लाथ घेण्याची रीत आपल्याकडे आहे. उसण तशीही दोन-चार दिवसांत उतरते आणि श्रेय लाथेला जाते. सायटिकात मात्र पाठीवर पाय देऊन दाबणे, कंबर झटक्याने पिळणे धोक्याचे आहे. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धेचा मणका त्यात दबू शकतो, आणि मोठा तुकडा बाहेर असेल तर तो आणखी मागे ढकलला जाऊ शकतो. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टने व्यायामाबरोबर हाताने केलेले हलके उपचार वेगळे.

वजन लावणे (कंबर ताणण्यासाठीचे ट्रॅक्शन) आणि पट्टा. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शनात दोन्ही देऊ नयेत असे स्पष्ट लिहिले आहे. त्यासाठी दहा दिवस दवाखान्यात भरती होणे म्हणजे पैसे घालून झोपून राहणे.

‘नसेच्या गोळ्या.’ आपल्याकडे चिठ्ठीवर बहुधा प्रेगाबालिन आणि मिथाइलकोबालामिन (बी-१२ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) यांची एकत्र गोळी असते. २०१७ साली सायटिकाच्या २०९ रुग्णांवरच्या चाचणीत प्रेगाबालिन नकली गोळीपेक्षा सरस ठरले नाही. चक्कर मात्र जास्त आली. आधीच चालू असेल तर एकदम तोडू नका, डॉक्टरांकडून मात्रा हळूहळू उतरवून घ्या. बी-१२ ची कमतरता शाकाहारी लोकांत खरोखर आढळते, पण तिच्या मुंग्या सहसा दोन्ही पावलांत सारख्या येतात. ती असेल तर जरूर भरून काढावी. चकतीवरचा तो इलाज नव्हे. आयबुप्रोफेनसारख्या सूजविरोधी गोळीचा थोडा उपयोग होतो: कमीत कमी मात्रा, जेवणानंतर, थोडेच दिवस. मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार, पोटात अल्सर, रक्त पातळ करणारे औषध किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. कळ तीव्र आणि नवी असेल तर नसेच्या मुळाशी दिलेले स्टिरॉइड इंजेक्शन काही आठवडे उसंत देते. त्या उसंतीत चालणे-व्यायाम सुरू झाले तर ते सार्थकी लागते.

‘सहा आठवड्यांत ऑपरेशन, नाहीतर पाय जातो.’ २००७ साली प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेले २८३ रुग्ण होते: एका गटावर लवकर शस्त्रक्रिया, दुसऱ्याला आधी थांबून पाहायला सांगितले. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर थांबली, हे मान्य. पण वर्षअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के रुग्ण बरे होते, आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांनीच वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतली. म्हणजे हा बहुधा वेगाचा आणि सोसण्याचा निर्णय असतो, पाय वाचवण्याचा नव्हे. मात्र कायमची वाट पाहणेही बरोबर नाही. चार महिन्यांहून जास्त टिकलेल्या सायटिकात शस्त्रक्रियेने वेदना अधिक उतरते, असे २०२० च्या कॅनडातल्या चाचणीत दिसले.

पायाची भीती असेल तर पायाची ताकद रोज मोजावी, कळ नव्हे. भिंतीचा आधार घेऊन टाचांवर दहा पावले, मग चवड्यांवर दहा. एका पायावर उभे राहून टाच दहा वेळा उचलता येते का? अंगठा वर खेचताना कोणी बोटाने दाबला तर टिकतो का? दोन्ही पायांत फरक दिसला आणि तो वाढत असेल तर आठवडा घालवू नका, लगेच तज्ज्ञाकडे जा.

लघवी अडकणे किंवा भरल्याची जाणीव न होणे, शौचावरचा ताबा सुटणे, सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर होणे, दोन्ही पायांत एकाच वेळी कळ किंवा लुळेपणा येणे यांपैकी एक जरी दिसले तरी रात्र काढू नका. बाह्यरुग्ण विभागाची रांग न धरता मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा, आणि नुसते ‘कंबर दुखते’ न सांगता लघवी किती वाजल्यापासून झाली नाही आणि बधिरपणा नेमका कुठे आहे ते आधी सांगा. तिथे एमआरआय आणि शस्त्रक्रिया दोन्ही तातडीने लागतात.