सीतेची वेणी बांडगूळ नाही, कोयती खाली ठेवा

परवा राजापूरहून काकांचा फोन आला. आवाजात शाबासकीची अपेक्षा. "तो मेसेज वाचला आणि गड्याला लगेच पायरी आंब्यावर चढवला. पाच-सहा झुपके खरवडून काढले बघ." ती माझ्या लहानपणापासून त्या झाडावर असलेली सीतेची वेणी होती, म्हणजे फांदीवर वाढणारं एक ऑर्किड. मेअखेर-जूनमध्ये हातभर लांब, गुलाबी ठिपक्यांचे पांढरे गजरे लोंबतात, नाक जवळ नेलं की मंद गोड वास येतो. महिनाभरात फुललीच असती.

मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. थोडक्यात असा: आंब्या-फणसावरचं ऑर्किड हे बांडगूळच, ते झाडाचा रस शोषतं, तीन वर्षांत झाड वाळतं. म्हणून खरवडून काढा, शेणखत-मातीच्या कुंडीत लावा, रोज पाणी घाला आणि बेडरूममध्ये ठेवा, रात्री ऑक्सिजन मिळतो.

पहिला मुद्दा रसाचा, कारण कोयती त्यावरच चालली. बांडगूळ फांदीच्या आत शिरतं. जिथे चिकटतं तिथे गाठ येते, आणि त्या गाठीतून ते झाडाचं पाणी नि क्षार ओढतं. पानं त्याचीही हिरवीच असतात, तेव्हा पानांच्या रंगावरून काही ठरवू नका. मुळं बघा. सीतेच्या वेणीची मुळं बोटासारखी जाड, रुपेरी, सालीवरून सरपटणारी, काही तर नुसती हवेत लोंबणारी. एखादं नखाने हलकेच उचकटून पाहा. सालीचा पापुद्रा सोबत येईल, पण खाली भोक नाही, गाठ नाही. आत शिरलेलंच नाही, तर रस कुठून पिणार?

मग जगतं कशावर? मुळांवर मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं, त्याला वेलामेन म्हणतात. जर्मनीतल्या गेरहार्ड झोट्झ आणि उवे विंकलर या संशोधकांनी 2013 साली हे मोजून दाखवलं: आवरण काही सेकंदांत पाणी भरून घेतं, ते उडून जायला मात्र तास लागतात, आणि पाण्यातले क्षार त्यातच अडकून राहतात. पावसाची पहिली सर पानांवरची धूळ नि क्षार धुऊन खाली आणते, तेच याचं जेवण. आंबा इथे नुसता घरमालक आहे, तोही बिनभाड्याचा.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. वाळक्या किंवा किडक्या फांदीवर मोठा झुपका असेल तर पावसात भिजून त्याचं वजन वाढतं आणि फांदी मोडू शकते. पण तो दोष फांदीचा. आणि खरी गंमत म्हणजे त्याच पायरीच्या दक्षिणेकडच्या फांदीवर अस्सल बांडगूळ आहे, नारिंगी नळीसारखी फुलं, त्यावर फुलटोच्यांची ये-जा. चिकट बिया तेच पक्षी फांद्यांवर पुसून जातात. गड्याने त्याला हातही लावला नाही, "फुलं छान आहेत" म्हणून! कापायची तर गाठीच्या बरीच खालून ती फांदी कापा.

माती-शेणखताची कुंडी म्हणजे या रोपाची कबर. मुळांना हवा लागते, ओल्या मातीत ती आठवड्या-पंधरवड्यात कुजायला लागतात.

ऑक्सिजनबद्दल अर्धं खरं आहे, म्हणून तर लोक फसतात. जाड पानांची बरीच ऑर्किडं रात्री पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात. पण ऑक्सिजन उजेड असतानाच तयार होतो. बेडरूमच्या कोपऱ्यात फक्त एक गोष्ट नक्की घडेल, फूल येणार नाही.

आसामात हेच फूल कपौ फुल म्हणून बिहूला केसांत माळतात, ते तिथलं राज्यपुष्प आहे. आपण मात्र कोयतीने खरवडतो आणि वर फोटो टाकतो. याचं बी धुळीइतकं बारीक, सोबत शिदोरी नसते, ठरावीक बुरशी भेटली तरच रुजतं. उपटलेला झुपका म्हणजे कित्येक वर्षं गेली. हवंच असेल तर रोपवाटिकेत वाढवलेलं घ्या, रानातलं नको.

काकांना सांगितलंय: निघालेले झुपके सावलीत ठेवा, मोडकी मुळं स्वच्छ कात्रीने कापा, आणि पाऊस लागायच्या तोंडाला त्याच आंब्यावर काथ्याने बांधा. खाली नारळाच्या सोडणाचा पातळ तुकडा चालेल, पण मुळं झाकायची नाहीत. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी पानांआडची सावली. मुळं रुपेरी दिसली तर पाणी फवारा, हिरवी असतील तर थांबा. थंडीत पाणी कमी. नवी मुळं सालीला घट्ट धरली की काथ्या सोडा. यंदा फूल नाही, हेही सांगून टाकलं. काका म्हणाले, "मग तो मेसेज मी पुढे पाठवलाय त्याचं काय?" चाळीस जणांना पाठवलाय.