प्रेस्टनहून: आमच्या गावच्या पोरींचं मैदान

मागच्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर भाचीचा फोटो आला. शाळेच्या मैदानावर नऊ पोरी, ट्रॅकपँट, मापाला न बसणारे निळे टी-शर्ट आणि मधे एक बॉल, बस एवढंच, पण त्यावरून दोन दिवस ग्रुपवर जे चाललं ते वाचून मला इथे झोप लागली नाही. परभणी जिल्ह्यात आमचं तालुक्याचं गाव, तिथल्या एका क्रीडाशिक्षकांनी दोन वर्षांपूर्वी मुलींचा फुटबॉल क्लब काढला, तेव्हा चौदा जणी होत्या. काकांनी लिहिलं, "पोरींनी खो-खो खेळावा, हे फुटबॉलचं खूळ कुठून आणलं." चुलतभाऊ म्हणाला, नळाला आठ दिवसाला पाणी येतं आन् हे फुटबॉल खेळायलेत. आणि मला सगळ्यांचं एकच उत्तर, "तुमच्या तिकडं ठीकंय, तिकडचं वेगळं असतंय."

हे "तिकडचं वेगळं" मला फार लागलं. कारण मी अकरा वर्षं राहते ते हे प्रेस्टन, इंग्लंडच्या उत्तरेकडचं गिरण्या-कारखान्यांचं गाव, आणि बायकांच्या फुटबॉलचं काय केलं गेलं ते याच गावाने सगळ्यात जवळून पाहिलंय.

पहिलं महायुद्ध चालू होतं, पुरुष आघाडीवर गेलेले, आणि इथल्या डिक, कर नावाच्या कारखान्यात बायका तोफगोळे बनवत होत्या. जेवणाच्या सुट्टीत अंगणात बॉल मारता मारता टीम उभी राहिली आणि १९१७ च्या नाताळाला त्यांनी डीपडेल ग्राउंडवर पहिली मोठी मॅच खेळली, बघायला दहा हजार माणूस, आणि जमलेले पैसे जखमी सैनिकांच्या दवाखान्याला. १९२० च्या डिसेंबरमध्ये तर त्यांनी रात्रीची मॅच खेळली, लष्कराचे विमानं शोधायचे दोन सर्चलाइट मागून आणले आणि अंधारात दिसावा म्हणून बॉलला सारखा चुना लावत होते. हे वाचलं तेव्हा मला आमचे पी.टी.चे सर आठवले, सकाळी सहाला फक्कीची बादली घेऊन वाकून लाईन मारणारे. दहाएक दिवसांनी, २६ डिसेंबरला, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर याच टीमची मॅच बघायला ५३,००० लोक आले, आणि बाहेर हजारो तसेच परत गेले.

आणि मग वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ बायकांना शोभणारा नाही, आमच्या कुठल्याही क्लबने त्यांना ग्राउंड द्यायचं नाही. खेळायला बंदी घातली नाही हे नीट बघा, फक्त मैदान काढून घेतलं. पोरी खेळत राहिल्या, मिळेल त्या माळावर, अमेरिकेत जाऊन पुरुषांच्या टीमशीसुद्धा खेळल्या, पण पन्नास हजार माणूस माळावर कुठं बसणार? कितीतरी टीम विरून गेल्या. मैदानाची ती बंदी उठायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. २०२२ ला वेम्बलीवर ८७,००० लोकांसमोर इंग्लंडच्या मुलींनी जर्मनीला हरवून युरो कप घेतला तेव्हा माझ्या शेजारची आजी रडली, तिला लहानपणी खेळू दिलं नव्हतं. म्हणजे काका, तिकडचं वेगळं नव्हतं, तिकडंही हेच होतं, आणि तिकडच्यांनी आपल्या दोन पिढ्या वाया घालवल्या.

खो-खोचं म्हणाल तर मलाही अभिमान आहे. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा मी इथल्या ऑफिसात पेढे वाटले, आणि २०२५ च्या जानेवारीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप आपल्या मुलींनी जिंकला. पण माझी ताई नव्वदच्या दशकात खो-खो खेळायली तेव्हा घरात काय बोलणं झालं ते मी ऐकलंय. गुडघे फोडून घेईल, काळी पडेल, मग करणार कोण हिला. तोच खो-खो आता "आपला" झाला ना? आणि फुटबॉल काही आपल्या पोरींना परका नाही, १९८० आणि १९८३ ला भारताची महिला टीम आशियात दुसरी आली होती, आणि २०२५ च्या जुलैमध्ये थायलंडला त्यांच्याच घरात २-१ ने हरवून ती एशियन कपला गेली.

पाण्याचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. भाची सांगते, ज्या दिवशी नळ येतो त्या दिवशी प्रॅक्टिसला निम्म्या पोरी नसतात, कारण घागरी भरायच्या, टाकी भरायची हे काम त्यांच्याच गळ्यात, भाऊ त्या वेळी चौकात. मग पाणी नाही म्हणून फुटबॉल नको, हा हिशोब फक्त पोरींनाच का लावायचा? त्याच मैदानावर पोरांची क्रिकेट टूर्नामेंट झाली तेव्हा पाण्याचं कुणी काढलं नाही.

खरी अडचण मैदानाचीच आहे. लग्नाच्या तिथी सुरू झाल्या की शाळा मैदान भाड्याने देते. मांडव निघतो पण खुंट्यांची भोकं राहतात, खिळे राहतात, आणि आचाऱ्याने भट्टीसाठी खांदलेली चर तशीच उघडी. मागच्या महिन्यात एक पोरगी त्या चरीत पाय जाऊन पडली, घोटा एवढा सुजला की घरच्यांनी तिचा खेळच बंद केला. चौदाच्या नऊ झाल्या त्या अशा, एकेक करून.

माझी लेक इथे रविवारी खेळते. चिखलाने माखून येते, आम्ही आई-बापच नेट बांधतो, झेंडे लावतो. इथेही मुलींना ग्राउंडची वेळ सगळ्यात शेवटची मिळायची, तीन आयांनी मिळून पत्र दिलं तेव्हा ती बदलली आणि भिंतीवरच्या टाइमटेबलात आमच्या टीमचं नाव लागलं. भांडून मिळालंय ते.

म्हणून मी ग्रुपवर बॉलसाठी वर्गणी मागितली नाही. दाजींना फोन केला, म्हटलं हेडमास्तरांना भेटा, मंगळवार, गुरुवार, शनिवार, पाच ते साडेसहा मैदान मुलींचं, हे लेखी घ्या आणि नोटीस बोर्डावर लावा, आणि मैदान भाड्याने घेणाऱ्याने चर बुजवल्याशिवाय त्याचं डिपॉझिट परत देऊ नका. मुरमाच्या दोन ट्रॉलीचे पैसे मी पाठवले. काकांचा त्यावर अजून रिप्लाय नाही, पण दाजी सोमवारी शाळेत जाणार आहेत आणि ताईसुद्धा सोबत जायली.